टॅमसिन पणजीची दोरी

"ती पाटी काढ," आयव्ही आत्या म्हणाली आणि हातातलं केकचं ताट तिने टेबलावर आदळलं.

माझा चुलतभाऊ नेव्हिल लोकर कातरायच्या शेडसमोर खुर्च्या मांडत होता. आमची पणजी टॅमसिन इंग्लंडहून, डेव्हनमधून, लग्न करून जगाच्या दुसऱ्या टोकाला, या कँटरबरीच्या माळावर आली त्याला सव्वाशे वर्षं झाली होती. दुपारी गावोगावचे आमचे हॅनाफर्ड नातेवाईक जमणार होते. नेव्हिलने नदीतून एक मोठा दगड ओढून आणून त्यावर पाटी बसवली होती आणि वर टेबलक्लॉथ टाकला होता. आत्याने तो उचलून पाहिला, तिथेच सगळं बिनसलं. पाटीवर होतं, 'टॅमसिन हॅनाफर्ड. इथे हिला आपलं घर सापडलं.'

"काय चुकलंय त्यात?" नेव्हिल म्हणाला.

"सापडलं नाही. मरेपर्यंत सापडलं नाही."

"आत्या, ब्राँझ आहे ते. खोडरबराने पुसता येत नाही."

"मग उलटी लाव."

आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. तरुणपणी ती लोकर कातरणाऱ्यांच्या टोळ्यांना रांधून घालत शेडमागून शेड फिरली. पुढे हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात मटण शिजवत राहिली. लग्न केलं नाही. भाड्याच्या खोलीचा पडदा जुना व्हायच्या आत ती दुसरीकडे बिऱ्हाड हलवायची, आणि आमच्याकडे जेवायला आली तरी उभ्याउभ्याच जेवायची. तिच्या पायाला भिंगरी आहे असं सगळे म्हणायचे. इंग्लंड तिने कधी पाहिलं नव्हतं, पण त्याला 'घर' म्हणणारी आमच्यातली ती शेवटचीच. आणि पणजीला डोळ्यांनी पाहिलेलं तिच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.

नेव्हिलने घराण्याच्या इतिहासाचं पुस्तकही छापून आणलं होतं. मुखपृष्ठावर पडवीत उभी असलेली पणजी होती, काळी हॅट घातलेली, आणि शेजारी फ्रॉकातली लहानगी आयव्ही.

"हे बघ," तो म्हणाला, "हातात हात धरून उभ्या आहात. किती जीव होता तिचा तुझ्यावर."

आत्याने चष्मा लावला. "हात नाही धरलेला. नीट बघ. दोरी आहे."

मी वाकून पाहिलं. पणजीच्या मनगटाशी काहीतरी पांढरं होतं. इतकी वर्षं मला ती बाहीची लेस वाटत होती.

"ॲप्रनची नाडी," आत्या म्हणाली. ती एकीकडे चहाबरोबरच्या स्कोन पावांना लोणी लावत होती. "आजी निघायची ना. हॅट घालायची, हातमोजे घालायची आणि बंदराचा रस्ता धरायची. जहाज गाठायला. माझे बाबा घोडागाडीतून परत आणायचे. मग आई म्हणाली, पोरीला बांधा हिच्या हाताला, लेकरू ओढत किती लांब जाईल? फोटोवाला आला तेव्हाही सोडली नव्हती."

"डोकं फिरलं होतं का गं तिचं?" मी विचारलं.

"छे. कोंबडी अंड्यावर बसली की घरात सगळ्यांच्या आधी हिला कळायचं. जायचं होतं तिला, आल्या दिवसापासून. आधी नवरा म्हणाला, यंदाची लोकर विकली की जाऊ. मग बाळ झालं. मग दुसरं झालं, ते गेलं. त्याला इथे पुरलं, त्याला टाकून कशी जाणार? ज्यांची जमीन होती त्या माओरींना आपण नको होतो, आणि हिला राहायचं नव्हतं. तरी राहिली."

"दोरीमुळे?" नेव्हिल म्हणाला.

"दोरीला कोण विचारतंय? मला घेऊनच निघाली. पार नदीच्या पुलापर्यंत गेलो. उकडलेलं अंडं दिलं मला वाटेत. बोटीवर कुठे निजायचं ते सांगत होती. पुलावर बुटाने माझी टाच सोलली आणि मी भोकाड पसरलं. तिने खाली बसून बूट काढला, टाच बघितली. मग पुलापलीकडे बघत बसली बराच वेळ. म्हणाली, चल, परत जाऊ."

आत्याने पुढचा स्कोन उचलला.

"परत कधी निघाली नाही. मी मात्र रोज सकाळी बूट घालून पायरीवर बसायचे. पुढच्या वेळी मी रडणार नव्हते रे."

नेव्हिलने रांगेतली शेवटची खुर्ची सरळ केली. तो वाईट माणूस नाही, फक्त त्याला सगळं छान लागतं. "लोकं निघालीयेत, आत्या," तो हळूच म्हणाला. "त्यांना काय सांगू, पणजी पळून जात होती म्हणून?"

"हो."

"केक खायला येतात गं ती. तू सगळ्यांत मोठी, तूच कापड काढ आणि वाचून दाखव. एवढं कर माझ्यासाठी."

पाटी राहिली. दुपारी भाषणं झाली, पोरं दगडावर चढून उतरली. आत्याने टेबलक्लॉथ काढला, नीट घडी घातली आणि मोठ्याने वाचलं, "टॅमसिन हॅनाफर्ड." सगळे पुढच्या ओळीची वाट पाहत होते. आत्याने चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. "डेव्हनची," ती म्हणाली आणि बाजूला झाली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

चहा झाल्यावर आत्या दिसेना. मी गाडी काढली. फाटकापासून बऱ्याच पुढे रस्त्याच्या कडेने ती चालली होती. हॅट होती, हातमोजे होते, पर्स काखेत.

"बस गाडीत," मी म्हणाले.

"नको."

"कुठे निघालीस?"

"पुलापलीकडे. काही नाहीये तिथे, पेट्रोलपंप आहे. माहितीये मला."

मी गाडी गवतात लावली आणि तिच्या बरोबरीने चालायला लागले. ती माझ्याहून भरभर चालत होती. समारंभासाठी घेतलेले माझे नवे बूट पूल दिसायच्या आधीच चावायला लागले, आणि पुलाशी पोचेपर्यंत टाच रक्ताने ओली झाली.

मी टाचेचं काही बोलले नाही.