दोन संस्थानांमधला वासा

मी एक जुना सागवानी वासा आहे मित्रांनो, आणि तुमच्यावरही माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही.

म्हसवडकडच्या वाटेवर दोन संस्थानांची शीव होती. तिथल्या जकात नाक्यावर मला आडवं टाकलं होतं. जकात भरली की मी वर, नाहीतर खाली. संशय हाच माझा धंदा. कडब्याखाली दडवलेली सांगलीची हळद मी पाहिली आहे. नाकेदार माझ्यावर थाप मारून म्हणायचा, "ह्यो हाय म्हणून संस्थान हाय!" मीही फुगायचो.

दोन्हीकडे देव एकच, सिद्धनाथ. बोली एक, सोयरीक एक. फरक कारभाराचा. शिवेच्या अलीकडच्या वरवाडीत गावकरी हात वर करून निर्णय घेत. पलीकडच्या तळवाडीत मामलेदाराचा हुकूम चाले. म्हणून वरवाडीवर विश्वास ठेवायचा? छे! हात काय, कशालाही वर होतात.

सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात तळवाडीच्या मामलेदारानं वरवाडीची गुरं कोंडवाड्यात घातली. वरवाडीनं ओढा अडवून तळवाडीचं पाणी तोडलं. मामलेदार उद्या माणसं धाडून बांध फोडणार, अशी खबर आली. माझ्याशेजारी वरवाडीची सभा भरली. इटलीच्या लढाईतून परतलेला हंबीरराव गरजला, "येऊ द्या त्यास्नी, डोकीच फोडू! कोन कोन तयार हाय? हात वर करा!"

हात हलू लागले. मला वाटलंच होतं.

तेवढ्यात त्याची बायको साळूबाई उठली. तिचं माहेर तळवाडीचं. "करा की. पर ज्याच्या घरात तळवाडीची सून न्हाई, आन् ज्यानं लेक तिकडं दिली न्हाई, त्यानंच करायचा."

एकही हात वर गेला नाही. हंबीररावाचा अर्धा उठलेला हातही खाली आला. मग पाणी सोडायचं ठरलं, त्याला सगळे हात उठले.

सकाळी तळवाडीची माणसं पहारी घेऊन आली. पुढे साळूबाईचा भाऊ ज्ञानू. मध्ये मी आडवा. आता रक्त सांडणार, असंच मी धरून चाललो होतो.

साळूबाई पुढे आली. "ज्ञानू, कुनावर उचलनार हाईस ती पहार?"

"आक्का, आमाला कुनी इचारलंय? सायबाचा हुकूम हाय."

"मग मी इचारते. पानी सोडतोय आमी. भांडायचं न्हाई त्यांनी हात वर करा."

ज्ञानूनं दोन्ही हातांत धरलेल्या पहारीकडे पाहिलं. ती धरून हात वर कसा करणार? त्यानं ती खाली ठेवली. मागच्यांनीही ठेवल्या. मला माझ्या संशयाची लाज वाटली, खोटं कशाला बोलू?

हंबीरराव मला टेकून बसला. ज्ञानू हसून म्हणाला, "दाजी, इटलीत बी आक्काला न्यायला पायजे हुतं."

हंबीरराव हसला नाही. "तितं आमाला कुनी इचारलं न्हाई, गड्या. आन् समोर आमचं सोयरं बी न्हवतं कुनी."

अठ्ठेचाळीस साली संस्थानं गेली, नाका मोडला. आता मी ओढ्यावर साकव म्हणून पडलो आहे. साऱ्या देशात निवडणुका होणार म्हणतात. होवोत. पण हात वर करण्याआधी पलीकडे कोण राहतं, हे कुणी विचारेल का, याची मला शंकाच आहे.

म्हणून मित्रांनो, मला वाळवी लागू देऊ नका. अधूनमधून तेल द्या. मी मोडलो तर जाणं-येणं थांबेल, पलीकडचं माणूस अनोळखी होईल. आणि अनोळखी माणसासाठी हातातली पहार कुणी खाली ठेवत नाही.