सावकाश, लेका

बेसबॉलच्या त्या सामन्यात तिसरा चेंडूही बाहेर गेला, तेव्हा चेंडू टाकणाऱ्या पिचर ल्यूशस पेटवेने टोपी काढून कपाळ पुसलं. आधीच्या पिचरने दोघांना बाद केलं होतं, पण तिन्ही बेसवर समोरच्या संघाचे गडी टपलेले. आणखी एक चेंडू भरकटला की त्यांना फुकटची धाव आणि सामना बरोबरीत.

फलंदाजामागे चेंडू झेलणारा कॅचर कोव्हाक मुखवटा वर सारत त्याच्याजवळ आला.

"काय आजोबा, झोप येतेय का?"

"घाई होतेय हातून."

"निम्मं आयुष्य गावोगावच्या संघांबरोबर बसचे धक्के खाल्लेस, आणि घाई आत्ता?"

घाईच होती. ज्याच्या जागी त्याला बोलावलं होतं, तो दुखावलेला पिचर उद्या परतणार आणि ल्यूशस पुन्हा त्या बसमध्ये. अटलांटाच्या या मोठ्या मैदानावर त्याला आजचाच दिवस होता. तोही नेमका रविवार. गावच्या चर्चमध्ये वडील, रेव्हरंड पेटवे, प्रवचनाला उभे असतील. "हा वार देवाचा, पोरा," काल फोनवर त्यांनी सांगून टाकलं होतं.

वडिलांचं प्रवचन बोलता बोलता गाण्यात शिरायचं. सूर चढायचा, श्वास तुटायला यायचा, तेव्हा बाकांवरून माणसं मायेने हाक द्यायची, "सावकाश, रेव्हरंड, सावकाश!" की सूर पुन्हा जागेवर.

ल्यूशसने चेंडू मुठीत धरला. तेवढ्यात खेळाडूंच्या बाकामागच्या गर्दीतून एक भरदार, लांबवलेला सूर आला.

"साऽऽवकाश, लेका... सावकाश!"

ल्यूशसने वळून पाहिलं नाही. खांदे तेवढे खाली आले. पुढचा चेंडू अचूक गेला, फलंदाज नुसता बघत राहिला. त्याच्या पुढच्यावर बॅट हवेत फिरली. शेवटच्या चेंडूने ऐनवेळी अशी बुडी मारली, की फलंदाज गुडघ्यावर आला. तिन्ही हुकले, बाद! डाव संपला, आघाडी शाबूत, सारं मैदान उठून उभं राहिलं.

कोव्हाकने रोजच्या सवयीने चेंडू प्रेक्षकांत भिरकावला, आणि लगेच कपाळावर हात मारून घेतला.

"मेलो! मोठ्या मैदानावरचा तुझा पहिला बळी ना हा? तो चेंडू जन्मभर जपायचा असतो रे! थांब, परत मागून आणतो."

ल्यूशसने पाहिलं. एक जाडजूड बाई चेंडू छातीशी धरून दिसेल त्याला मिठी मारत होती. तिच्या मागच्या ओळीत, प्रवचनाचा काळा झगा न उतरवताच आलेला एक म्हातारा दोन्ही हात उंचावून उभा होता.

"चेंडू राहू दे तिच्याकडे," ल्यूशस म्हणाला. "मागच्या त्या म्हाताऱ्याला तेवढं विचारून ये, आज चर्चमध्ये उभं कोण आहे?"