वीस पावलांवरचं श्रुतलेखन

"मावशी, तू फक्त वाचायचंस. शिकवायचं नाहीस," भाचीने जिन्यातच बजावलं.

तिच्या चाचणीसाठी शब्द वाचून दाखवायला मी आले होते. मी हो म्हटलं. चौतीस वर्षं तिसरीचा वर्ग सांभाळल्यावर एवढं हो म्हणायला काही लागत नाही.

कचेऱ्यांमधला बोलण्याचा आवाज मोजायचा आणि आटोक्यात आणायचा, हे भाचीचं काम. एकटीने घेतलेलं हे पहिलंच. चार वाजेपर्यंत इथल्या साहेबांना तिचं म्हणणं पटलं नाही, तर ते काम दुसऱ्या कंपनीकडे जाणार होतं.

कचेरी म्हणजे एकच लांबलचक खोली, मध्ये एकही भिंत नाही. इतरांच्या बोलण्यामुळे काम होत नाही, अशी सगळ्यांची तक्रार. साहेबांनी आधी स्वतःच उपाय करून पाहिला होता. खाली जाड गालिचा अंथरला आणि भिंतीवरचा घरघरणारा मोठा पंखा बंद केला. तक्रारी दुप्पट झाल्या.

भाचीच्या यंत्रावरचा आकडा बघून साहेब खूश झाले. "अडतीस डेसिबल! मॅडम, वाचनालयात तरी असतं का एवढं शांत? खोट यांच्या कानांत आहे."

"सर, हे यंत्र आवाज किती मोठा ते सांगतं. शब्द कळतो का, ते सांगत नाही."

"म्हणजे काय?"

भाची हातातले कागद सारखे करू लागली. लहानपणी पाढा अडला की फ्रॉकचं टोक असंच सारखं करायची. मला राहवेना.

"साहेब, शेजारी बाळ रडत असलं तरी तुम्ही पेपर वाचता ना? आणि शेजारीण हळूच म्हणाली, 'त्यांच्या मुलीचं बिनसलं म्हणे', तर?"

"तर... पुढचं ऐकतो," साहेब बोलून गेले.

"मग घेऊ या श्रुतलेखन. जे जे ऐकू येईल, ते सगळं लिहायचं."

भाचीने डोळे वटारले, पण कागद वाटले. मी दाराजवळ बसले. कुणी माझ्यापासून चार पावलांवर, कुणी दहा. नकाशे काढणारा गृहस्थ पार खिडकीशी, वीस पावलांवर. मी घरात बोलते त्या आवाजात सुरुवात केली. "कंगवा. तराजू. पायरी."

एकाने शेजाऱ्यापासून कागद झाकला.

"झाकू नका हो. परीक्षा तुमची नाही, खोलीची आहे."

पाचव्या शब्दाला साहेबांचा फोन वाजला. ते कोपऱ्यात गेले आणि भिंतीकडे तोंड करून, हाताच्या आडून कुजबुजले. मी थांबले. मग उरलेले पाच शब्द सांगितले. नंतर पंखा लावून आणखी दहा.

तपासायला मीच बसले; लाल पेन पर्समध्ये असतंच. पंखा चालू असताना खिडकीवाल्याला दहापैकी दोन. बंद असताना दहापैकी दहा. शिवाय पाचव्या शब्दाखाली एक जादा ओळ: 'हो गं आई, लोकरीचा बनियन घातलाय. शर्टाच्या आत आहे, कुणाला कळत नाही.'

"हे काय?"

"बाई, तुम्हीच म्हणालात ना, ऐकू येईल ते सगळं."

ती ओळ सगळ्यांच्याच कागदावर होती. एकाने तर वळणदार अक्षरात काढली होती.

साहेबांनी वाचलं. कान लाल झाले. यंत्राकडे पाहिलं, अजून अडतीस. "तो पंखा लावा आधी!"

आता भाचीची गाडी सुरू झाली. "सर, पंखाच नको. छतातल्या स्पीकरमधून त्याच्यासारखीच, पण मऊ सळसळ सोडू. टेबलांमध्ये आडोसे लावू. मग लांबचा शब्द कळणारच नाही."

"माझ्या कोपऱ्यापासून सुरुवात करा," म्हणत साहेबांनी सही ठोकली. चार वाजायला दहा मिनिटं होती.

"आणि हे कागद?" त्यांनी हळूच विचारलं.

"अहवालाला जोडावे लागतात, सर," भाची म्हणाली.

त्यांचा चेहरा बघवेना. मी एकेक कागद ओढून ती ओळ लाल पेनाने पूर्ण खोडून टाकली आणि समासात लिहिलं: 'न विचारलेले. गुण नाहीत.'

जिन्यात भाची म्हणाली, "शिकवलंसच शेवटी."

"मी कुठे? मी फक्त वाचलं."