तेराने जाणारी संख्या

भार्गवीबाईंनी एसटीच्या खिडकीशी, मांडीवर वही धरून, तोच भागाकार चौथ्यांदा केला. हिसक्यांनी आकडे वाकडेतिकडे झाले, पण बाकी पुन्हा शून्यच आली. सत्तेचाळीस कोटी अडतीस लाख बावन्न हजार एकशे एकाहत्तर. तेराने निःशेष भाग. अकरा वर्षांपूर्वी ही संख्या फळ्यावर त्यांनीच लिहिली होती.

परवा जुन्या टाचणवहीत ती सापडली आणि बाईंना आपली तेव्हाची चूक दिसली. सात, अकरा की तेरा, कशाने भाग जातो हे ओळखायला उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि ते आलटून पालटून अधिक-वजा करायचे; उत्तराला ज्याने भाग जातो, त्यानेच मूळ संख्येला जातो. त्या दिवशी वर्गात बाईंनी गट पाडले ते हजार-लाख-कोटींच्या स्वल्पविरामांवर, म्हणजे पहिल्या तिनानंतर दोन-दोनाचे. उत्तर आले एकशे दहा, आणि बाई ठासून म्हणाल्या, "अकरा!" एकटी प्रियदर्शनी "तेरा" म्हणाली. बाईंनी तिला खाली बसवले. तालुक्याच्या गणित स्पर्धेला शाळेतून एकच नाव जायचे होते. ते दुसऱ्या मुलीचे गेले.

आष्ट्याला प्रियदर्शनीचे शिवणाचे दुकान चटकन सापडले.

"बाई? आवं, या की आत! बसा, च्या ठेवते."

बाई बसल्या नाहीत. वहीच पुढे केली.

"ते उत्तर तेरा होतं गं. मी चुकले होते."

प्रियदर्शनीने कात्री खाली ठेवली. वहीकडे पाहिलेसुद्धा नाही.

"ठावं हाय की मला. त्याच सांजंला घरी सगळा भागाकार केलता."

"मग दाखवला का नाहीस?"

"आल्ते की दुसऱ्या दिवशी. तपासणीचं सायब हेडसरांच्या खोलीत तुमचं कवतिक करत हुतं. तुमी नवीन हुता, लय खूश दिसत हुता. म्हटलं, आता नगं."

बाईंना आठवले. त्यानंतर वर्षभर ही मुलगी तिसऱ्या बाकावर गप्प बसायची. हिला गणिताचा कंटाळा आला, असे त्यांनीच तिच्या प्रगतिपुस्तकात लिहिले होते.

"तेरानं दोनदा जातो, बाई," प्रियदर्शनी हळूच म्हणाली. "मग ऱ्हातात अठ्ठावीस लाख तीन हजार आठशे एकोणसाठ. त्येला पुढं कशानं भाग जातो का न्हाई, तेवढं राहिलंय बगा माझं. एक्केचाळीसपातूर बघून झालं. मग लगीन झालं."

बाईंनी टेबलावरचे कापड बाजूला सारले आणि शिवणाचा खडू उचलून ती संख्या लिहिली. सवयीने स्वल्पविराम द्यायला हात गेला, तो त्यांनी आवरला.

मग खडू प्रियदर्शनीच्या हातात दिला आणि स्टूल पुढे ओढले.

"आता त्रेचाळीस. तू कर. मी बसते इथं."