दांडीचा वाटा

छप्पर गळत होतं आणि कमिटी पाटीवरून भांडत होती.

तारापूरकडच्या त्या गावात सार्वजनिक वाचनालय होतं, म्हणजे तीन कपाटं, एक बाक आणि वाळवी. ग्रंथपाल दिनानाथने तीन पावसाळे पुस्तकांवर केळीची पानं अंथरून काढले. चौथ्याच्या आधी तो हट्टालाच पेटला, की निधी जमवा, नाहीतर पुस्तकं खाडीत सोडून द्या.

कमिटी जमली. सगळे बागाईतदार, अध्यक्ष भगवंतराव. बोईसरला अणुवीज प्रकल्पाच्या साहेबांच्या जीपगाड्या धावायला लागल्यापासून ह्या मंडळींना विद्येचा भारी पुळका आला होता. साहेबाला बोलवायचं तर काहीतरी दाखवायला हवं ना. पण पहिला ठराव कौलांचा झालाच नाही, संगमरवरी पाटीचा झाला. कोणाचं नाव वर, कोणाचं खाली, कोणाच्या बापाला 'कैलासवासी' आणि कोणाच्या सासऱ्याला 'श्रीमान', ह्यात दीड महिना गेला. पाटी आली, नावं दगडात कोरली गेली, खिसे मात्र शिवलेलेच राहिले. आंबा उतरू दे, विड्याचं पान मुंबईला जाऊ दे, मग बघू. आणि भगवंतरावांनी आपले भाचे-पुतणे सभासद व्हावेत म्हणून वर एक नियम घालून ठेवला, इमारत निधीला जो हातभार लावील तो वर्षभर सभासद.

शेवटी दिनानाथ चालत दांडीला, कोळ्यांच्या वस्तीत गेला.

दांडीत होडी किनाऱ्याला लागली की मासळीचे वाटे पडतात. एक होडीचा, एक जाळ्याचा, मग माणसागणिक एकेक. देवळाचं काम निघालं तर देवाचाही एक वाटा पडतो, तो सगळ्यांच्या वाट्यातून. होडीवाल्यांचा म्होरक्या देवू तांडेल, त्याने दिनानाथचं ऐकून घेतलं आणि विचारलं, बदल्यात काय? उत्तर त्याची बायको जमुनाने दिलं. मासळी विकून परतताना ती रोज वाचनालयाच्या गजांना धरून उभी राही आणि बाकावर पसरलेलं वर्तमानपत्र बाहेरून वाची. रात्रीच्या वर्गात चार अक्षरं शिकलेली बाई.

"नाव नको लिवू आमचं," ती म्हणाली. "आत बाकावर बसू दे. उभं राहून वाचताना पाय भरून येतात."

दिनानाथने शब्द दिला. आठ दिवस दांडीच्या चाळीस होड्यांनी वाचनालयाचा वाटा काढला. त्यातून कौलं आली, वासे आले, चुना आला. शिमग्याआधी छप्पर उभं राहिलं.

मग कमिटी पुन्हा जमली. आता तिला कंठ फुटला होता. पाटी दारावर बसवायचं ठरलं, आणि दांडीच्या लोकांसाठी मागच्या भिंतीला खिडकी पाडायची. त्यांनी तिथून पुस्तक घ्यावं आणि चालू लागावं.

"पुस्तकांना वास लागतो रे, दिनानाथ," भगवंतराव म्हणाले. रोज दुपारी पापलेटाचा काटान् काटा चोखताना ह्या गृहस्थाला कधी वास आला नव्हता.

दिनानाथने शब्द दिल्याचं सांगितलं. तुला शब्द द्यायचा अधिकार कोणी दिला, असं त्यालाच उलट विचारलं गेलं. गवंडी लागला, खिडकी पडली.

जमुनाने ती बघितली. टोपली खाली न ठेवताच म्हणाली, "मास्तर, कौलांना आमचा वास येत नाय वाटतं. ती बरी डोक्यावर घेतलीत." आणि निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून गजांपाशीही आली नाही.

ते दिनानाथला झोंबलं. त्याने नियमांची वही काढून पुन्हा पुन्हा वाचली, मग दांडीला जाऊन तांडेलाशी बोलून आला.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दांडीची एकही होडी समुद्रात गेली नाही. माणसं मागच्या खिडकीशी रांगेत उभी राहिली. वाटा प्रत्येकाच्या वाट्यातून निघाला होता, म्हणजे प्रत्येक जण देणगीदार, म्हणून प्रत्येक जण सभासद. सभासदाला एक पुस्तक, पंधरा दिवस. देवघेवीच्या वहीत कोणी सही केली, बऱ्याच जणांनी अंगठा उठवला. अंगठेवाल्यांना कशाला पुस्तकं, असं कोणी म्हणेल. कमिटीतल्या सहीवाल्यांनी तरी कुठे वाचली होती? त्या वहीत भगवंतरावांच्या नावावर अकरा वर्षांत एकच पुस्तक होतं, आणि तेही परत आलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत वाळवीतून वाचलेली तीनशे बाराच्या तीनशे बारा पुस्तकं खिडकीतून गेली. खिडकीतूनच द्यायची होती, तशीच दिली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. नारळ फुटला, भाषणं झाली, भगवंतराव विद्येच्या महतीवर पाऊण तास बोलले. साहेबांनी सहज कपाट उघडलं. दुसरं उघडलं. तिसरं उघडलं.

दिनानाथने वही पुढे केली. साहेबांनी पानं चाळली आणि सगळी पुस्तकं वाचकांकडे असलेलं वाचनालय आपण पहिल्यांदाच बघतो आहोत, असं म्हणून शाबासकी दिली. फोटोवाला अडून बसला, हातात एक तरी पुस्तक हवं. भगवंतरावांनी गडी घरी पिटाळला. अख्ख्या गावात त्या दिवशी वाचनालयाचं एकच पुस्तक शिल्लक होतं. गड्याने ते आणलं आणि थेट साहेबांच्या हातात दिलं. पहिल्याच पानावर शिक्का होता, खाली नाव, खाली तारीख. साहेबांनी तारीख वाचली, भगवंतरावांकडे पाहिलं आणि पुस्तक बंद केलं.

साहेबांची जीप वळणाआड होताच भगवंतराव दिनानाथच्या अंगावर धावले. चालता हो, किल्ल्या टाक.

"टाकतो," दिनानाथ म्हणाला. "मग दांडीला पुस्तकं मागायला तुम्ही जा. ती येतील, पण समोरच्या दाराने. खिडकी द्यायला आहे, घ्यायला नाही."

दांडीला जायचं म्हणजे उन्हात चालायचं आणि जमुनाशी बोलायचं. सबंध कमिटीत तेवढा दम एकाच्याही छातीत नव्हता. किल्ल्या दिनानाथकडेच राहिल्या.

पंधराव्या दिवशी जमुना पुस्तक परत करायला आली ती आधी मागच्या बाजूला गेली. खिडकीला आतून फळ्या ठोकलेल्या होत्या. वळसा घालून ती दारात आली, टोपली पाटीखाली ठेवली, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि बाकाकडे बघत उभी राहिली.

बाकावर भगवंतराव बसले होते. तिला बघून ते नाकाला उपरणं लावून उठले आणि निघून गेले.

"बस," दिनानाथ म्हणाला. "जागा झाली."