नाकाला लागलेली ऊर्जा

वीज खात्यात तेहतीस वर्षं काढल्यामुळे हैदराबादच्या विद्यानगरातली मराठी मंडळी एकनाथरावांना ऊर्जेतले जाणकार समजत. खरं तर त्यांनी जन्मभर बदल्यांच्या फायली हलवल्या होत्या, आणि घरातला फ्यूज त्यांची बायको, पद्मावतीबाई, बसवत असे. हे एकदा सांगून टाकायचं ते ठरवत. पण कोणी 'साहेब' म्हटलं की राहून जाई.

पंच्याण्णव साली पुण्याहून सुधीर शेजारी राहायला आला. नव्या कॉम्प्युटर कंपनीत त्याची नोकरी. त्याच्या मुलीला, श्रुतीला, ऊर्जेचे प्रकार पाठ होते, कळले मात्र नव्हते. सुधीरने विचारताच एकनाथरावांनी शिकवायचं कबूल केलं. मग घाबरून कोठी भागातल्या जुन्या पुस्तकांच्या बाजारातून शाळेचं एक पुस्तक आणलं आणि चोरून वाचलं.

रविवारी श्रुती आणि तिची मैत्रीण रश्मी आल्या. तळहात घासून उष्णता झाली, ताट वाजवून ध्वनी झाला. एकनाथरावांना चेव आला. झोपाळ्याच्या रिकाम्या कडीला त्यांनी दोरीने नारळ टांगला. लोखंडी वजनाला पद्मावतीबाईंनी आधीच बंदी घातली होती. भिंतीला पाठ टेकून, नारळ नाकाशी धरून त्यांनी सांगितलं, की वर उचललेल्या नारळात स्थितिज ऊर्जा साठते. सोडला की तिची गतिज होते, पलीकडे चढताना पुन्हा स्थितिज. परतताना तो सुटल्या जागेच्या पुढे येणार नाही, कारण जास्तीची ऊर्जा आणणार कुठून?

नारळ सुटला. मुलींच्या चेहऱ्यावरचं कौतुक नीट दिसावं म्हणून एकनाथराव जरासे पुढे वाकले.

पद्मावतीबाई हसू दाबत बर्फ घेऊन आल्या. दोष कडीवर ढकलावा, असं एकनाथरावांच्या मनात येऊन गेलं. तेवढ्यात हैदराबादेतच वाढलेली रश्मी म्हणाली, "नारळ बरोबर आला, आजोबा. तुम्ही कैकू वाकले?"

"शाबासकी बघायला," एकनाथराव म्हणाले. "आणि खरं सांगू? मी खात्यात नुसत्या फायली हलवल्या. हे सगळं मंगळवारपासून वाचतोय."

मुलींना त्याचं काही वाटलं नाही. श्रुती भिंतीला डोकं घट्ट टेकून उभी राहिली आणि नारळ सोडला. तो गेला, आला आणि नाकापासून बोटभर अलीकडूनच मागे फिरला.

"थोडी ऊर्जा वाटेत हवेला गेली असेल," ती विचार करत म्हणाली.

एकनाथरावांना हे सुचलं नव्हतं. नाकावर बर्फ धरून ते खाली बसले आणि तिला पुन्हा, सावकाश सांगायला लावलं.