न धरलेली सबुरी

फहमिदाच्या सबुरीचं नाव त्यांच्या पनवेलच्या मोहल्ल्यात एवढं झालं होतं की नव्या सुनांना ती दाखवायला आणत. कुणाचा नवरा आखातात निघाला आणि पोर डोळे गाळत बसली की थोरल्या बायका तिला घेऊन फहमिदाच्या दारात उभ्या राहत. "ही बघ. अकरा वर्षं आदिल कतारला आहे. हिच्या तोंडून कधी उसासा ऐकलास?" फहमिदा शिलाई मशीनवरून मान वर करून हसे. लोक चांगलं म्हणतात तेव्हा भांडायला कोण जातं?

खरी गोष्ट अशी होती की तिने सबुरी धरलीच नव्हती. धरायची वेळच आली नव्हती.

आदिल दोन वर्षांतून एकदा दीड महिन्याच्या रजेवर येई. बाकीचे दिवस तो फोनमध्ये असे, आणि फोनमधला आदिल तिला जिवापाड आवडे. त्याची ड्युटी सुटली की ती आपलं ताट वाढून घेई, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवी आणि दोघं जेवत. तो तिकडच्या साहेबांचे किस्से सांगे, ही इकडच्या गिऱ्हाइकांचे. कुणाचा ब्लाउज घट्ट झाला आणि खापर हिच्यावर कसं फुटलं, त्यांची मुलगी महेक शाळेत कुणाला चावली, सगळं त्याला सांगितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. दोन दिवस फोन लागला नाही तर घास घशाखाली उतरत नसे. याला प्रेम म्हणत नसतील तर कशाला म्हणतात, ते तिला कुणीतरी सांगायला हवं होतं.

अडचण रजेतल्या रात्रींची होती. आदिल काही दांडगाई करणारा नव्हता, उलट फार जपणारा. तिला भीती वाटत नव्हती, किळसही येत नव्हती. तिला काहीच होत नव्हतं. पाहुण्याच्या घरी न आवडणारी भाजी हसत गिळावी तसा तो दीड महिना ती काढी. तो निघाला की विमानतळावर हमसून रडे आणि घरी येऊन सुटल्यासारखी झोपे. दोन्ही खरं होतं. सगळ्याच बायकांचं असंच असणार, कुणी बोलत नाही इतकंच, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

मार्च महिन्यात एका दुपारी आदिलचा अवेळी फोन आला. फहमिदा मोरीत बोंबील साफ करत होती.

"राजीनामा दिला," तो म्हणाला. "कायमचा येतोय."

"का? काय झालं?"

"काय व्हायचंय? तुझ्यासाठी. अकरा वर्षं तुला एकटीला ठेवलं. तू बोलत नाहीस म्हणून मला कळत नाही असं नाही. अल्ला मला माफ करणार नाही, फहमिदा."

ती "या" म्हणाली. खुशीने म्हणाली. मग फोन ठेवून मोरीच्या कट्ट्यावर बसली. हा माणूस एका अशा दुःखासाठी चांगली नोकरी सोडून येत होता, जे तिला कधी झालंच नव्हतं.

तो आला. स्कूटर घेतली, नवीन पनवेलच्या सोसायट्यांमध्ये एसी दुरुस्तीची कामं धरली. आणि दिवस असे सुंदर गेले की सांगता सोय नाही. दुपारी तो घरी येई, चहा करी, तिच्या मशीनशेजारी बसून मुकाट्याने बटणं लावून देई. महेक नऊ वर्षांची झाली होती. ती बापाच्या पाठीवरून उतरेना. चौघांचं घर भरलं. चौथी म्हणजे फहमिदाची सासू, आणि तीसुद्धा हल्ली कुरकुर विसरली होती. दिवसाला रात्रच नसती तर फहमिदासारखी सुखी बाई रायगड जिल्ह्यात सापडली नसती.

पण तसं नसतं. पहिला महिना तिने पूर्वीसारखाच काढला. रजेला शेवट असतो, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. या वेळी शेवट नव्हता. दुसऱ्या महिन्यात पाठ दुखू लागली, डोकं चढू लागलं, महेकला एकटीला झोप येईनाशी झाली. तिसऱ्या महिन्यात आदिल काही मागेनासा झाला आणि हळूहळू गप्प होत गेला. त्याचं ते गप्प होणं तिला सोसवेना. आपण त्याला हरवत चाललोय हे तिला दिसत होतं आणि हाताशी काहीच नव्हतं.

तिने सगळं करून पाहिलं. सासू म्हणाली, "काय गो, पोरगा उतरला माझा. नवरा परदेशात होता तेव्हा टवटवीत होतीस, घरात आला तर सुकलीस? नजर आहे कुणाची." तिने दुआ पढून फुंकलेलं, दम केलेलं पाणी आणून दिलं. फहमिदा ते पूर्ण यकीनाने प्यायली. मग ती स्टेशनच्या बाजूच्या एका लेडी डॉक्टरकडे गेली. डॉक्टरने रक्त तपासायला लावलं, हार्मोन बघितले आणि चष्म्यावरून बघत म्हणाली, "मूल आहे ना तुम्हाला? मग प्रॉब्लेम कसला? रिपोर्ट एकदम नॉर्मल. टेन्शन घेऊ नका, चार दिवस मिस्टरांबरोबर फिरून या." रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून दवाखान्याच्या पायरीवर बसून रडलेली ती पहिलीच बाई असेल. काहीतरी निघालं असतं तर त्यावर गोळी निघाली असती.

साड्यांना फॉल-पिको करणारी शकू कोन गावाहून रोज तिच्याकडे कामाला येई. तिच्या नजरेतून काय सुटणार?

"दुसरा कोन हाय काय तुझ्या मनात?" शकूने दोरा दातांनी तोडत विचारलं. "मला सांग. मी कुनाला बोलनार नाय."

"कुणी नाही."

"मंग?"

"शकू, पिक्चरमध्ये हिरो हिरॉइनच्या जवळ येतो, तेव्हा तुला काय वाटतं?"

शकू दोन पोरांची आई, तरी लाजली. "वाटतं काय तरी. सगल्यांनाच वाटतं."

"मला तिच्या ड्रेसची शिलाई दिसते," फहमिदा म्हणाली.

शकू पोट धरधरून हसली. मग तिच्या लक्षात आलं की फहमिदा हसत नाहीये. "मानूस सवयीनं शिकतो गो," ती चाचरत म्हणाली. अकरा वर्षांत न लागलेली सवय आता कुठून लागणार, हे मात्र तिलाही सांगता येईना.

फहमिदाला तो शब्द मोबाइलवर सापडला. घरात कुणी नसताना तिने मराठीत वेडंवाकडं काहीतरी टाइप केलं आणि कुणा बाईने लिहिलेला लेख समोर आला. अलैंगिक. हा शब्द तिने शाळेत विज्ञानाच्या धड्यात वाचला होता, तिथे तो अमिबाला लावलेला होता. इथे माणसांना लावला होता. ही माणसं आजारी नसतात, लेख सांगत होता. कुणी त्यांच्यावर जबरदस्ती केलेली असते असं नाही, ती कुणाचा सूड घेत नसतात, व्रत करत नसतात, थंड काळजाची तर मुळीच नसतात. ती जीव लावतात. शरीराची ती ओढ तेवढी त्यांच्यात नसते, कुणाला कमी, कुणाला अजिबात नाही. फहमिदाने मशीन बंद करून तो लेख तीनदा वाचला. न भेटलेल्या बाईने आपल्या नेमक्या मापाचं शिवून पाठवावं तसं तिला झालं. नवऱ्याला कसं सांगायचं, ते मात्र त्यात कुठेच लिहिलं नव्हतं.

रविवारी आदिल म्हणाला, "चल, आपट्याला जाऊन येऊ. खालाला भेटू." महेकला सासूकडे ठेवून दोघं त्याच्या मावशीकडे जायला स्कूटरवर निघाली. पळस्पे गेलं, शिरढोण गेलं, कर्नाळ्याच्या चढावर त्याने नेहमीसारखी गाडीची थट्टा केली नाही, आणि ती मागे बसल्या बसल्या समजली की आज खालाचं फक्त निमित्त आहे.

आपट्यात त्याने स्कूटर खालाच्या घरी न नेता सरळ पाताळगंगेच्या काठी नेली. भर दुपार होती, पाण्यात म्हशी बसल्या होत्या. दोघं झाडाखालच्या दगडावर बसली.

"एक विचारतो," आदिल म्हणाला. "खरं सांग. कोण आहे?"

"कोण म्हणजे?"

"अकरा वर्षं मी नव्हतो. तू पण माणूसच आहेस. मी तमाशा करणार नाही, हात उचलणार नाही, अम्मीला सांगणार नाही. महेकची कसम. मला फक्त नाव सांग."

फहमिदा त्याच्याकडे बघतच राहिली. या भल्या माणसाने रात्र रात्र जागून तिला माफ करून टाकलं होतं. ज्या गुन्ह्याची माफी तो घेऊन आला होता, तो तिच्याकडे नव्हता. क्षणभर तिला वाटलं, एखादं नाव ठोकून द्यावं. मोहल्ल्यातलं, नाहीतर नसलेलंच. तो रडेल, चिडेल, पण त्याला समजेल. दुसऱ्या पुरुषाची गोष्ट सगळ्यांना समजते.

"कुणी नाही," ती म्हणाली. "तुम्ही आहात. लग्नाच्या आधी कुणी नव्हतं, नंतर पण नाही. मला तुम्ही आवडता. पण ती जी ओढ असते ना, ती मला येत नाही. कुणाबद्दलच नाही. कधीच आली नाही. हा आजार नाही, मी वाचलंय. अशी माणसं असतात."

"कुणी सांगितलं तुला असलं? मोबाइलनं?"

"माझं मला आधीच माहीत होतं. फक्त त्याला नाव असतं हे माहीत नव्हतं."

"म्हणजे मी तुला नको."

"पाहिजे."

"काय पाहिजे? नीट बोल, फहमिदा." त्याचा आवाज चिरकला. "तिकडे एका खोलीत आम्ही सहा जण होतो. मी भिंतीकडे तोंड करून पडायचो आणि मनात म्हणायचो, ती पण तिकडे अशीच तडफडत असेल. दोघं मिळून सोसतोय, असं म्हणून मी दिवस काढले. म्हणजे मी एकटाच होतो?"

त्याला काय सांगावं? की तिलाही त्याची आठवण येत होती, पण निराळी? आठवणींत असे प्रकार पाडून दाखवायचे कसे? ती घाबरली. जवळ होतं नव्हतं ते सगळं देऊन टाकावं, पण हा माणूस हातचा जाऊ नये, एवढंच तिला कळत होतं.

"मी नाही म्हणणार नाही," ती घाईघाईने म्हणाली. "तुम्हाला पाहिजे तेव्हा. पाठ नाही, डोकं नाही, काही सांगणार नाही. आजवर तुम्हाला कधी कळलं तरी का?"

बोलून गेल्यावर तिला उमगलं की यापेक्षा वाईट काही बोलताच आलं नसतं. 

"आजवर प्रत्येक वेळी?" त्याने विचारलं. "महेकच्या वेळी पण?"

तिने मान हलवून हो म्हटलं.

"मला कोण समजलीस तू?" तो हळूच म्हणाला. "जनावर?"

"तुमचा काही दोष नाही. मीच कधी सांगितलं नाही. मलाच ठाऊक नव्हतं."

तो उठून पाण्यापर्यंत गेला आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिला. परतताना तिने सवयीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने तो झटकला नाही, पण खांदा लाकडासारखा ताठ झाला होता. पनवेल येईपर्यंत तो तसाच होता.

त्या दिवसापासून तो बाहेरच्या खोलीत झोपू लागला. आईला त्याने कंबर धरल्याचं सांगितलं. आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही, दुपारचा चहाही पूर्वीसारखाच दोघांचा करत होता. मात्र कप देताना आपली बोटं तिच्या बोटांना लागू नयेत म्हणून तो काळजी घेई. त्याने शिवीगाळ केली असती तर तिला परवडलं असतं. तो तिला जपत होता, स्वतःपासून जपत होता, आणि तिला ते सहन होत नव्हतं.

महिन्याभराने तो म्हणाला, "कतारचा व्हिसा आला. शुक्रवारी निघतो." कसलीतरी भेट द्यावी तसं त्याने ते सांगितलं. "तुला आता त्रास नाही. मी तिकडे असताना तू मोकळी होतीस, तशीच राहा. मी रागावून जात नाही, हे ध्यानात ठेव."

शुक्रवारी सासू महेकला घेऊन शेजारी गेली होती. आदिल पलंगावर बॅग भरत होता. फहमिदाने इस्त्री केलेले शर्ट त्याच्या हातात दिले नाहीत. ते छातीशी धरून ती दारात उभी राहिली.

"जाऊ नका," ती म्हणाली.

"हट्ट नको करू. तुझ्याच सुखासाठी चाललोय."

"माझ्या सुखासाठी तुम्ही आलात, माझ्या सुखासाठी चाललात. मला एकदा विचारा तरी."

त्याने हातातला टॉवेल खाली ठेवला. "विचारतो. कशासाठी थांबू?"

फहमिदाला रडू आवरेना, पण ती बोलली. आयुष्यात पहिल्यांदा काही न लपवता बोलली. "चहा प्यायला थांबा. माझ्याशी भांडायला. पोरगी मोठी होताना बघायला. बाहेरून आलात की दिवसभरात काय झालं ते मला सांगायला. म्हातारपणी माझ्याजवळ बसायला. मला तुम्ही घरात पाहिजे."

आदिलने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. ती थांबल्यावरही तो तसाच वाट बघत राहिला. मग त्याने वर पाहिलं.

"आणि?" त्याने विचारलं.

आणि काही नव्हतं. होतं तेवढं सगळं तिने त्याच्यापुढे ठेवलं होतं, आणि त्याला ती नुसती सुरुवात वाटली होती.  मग पुढे होऊन त्याने तिच्या हातातले शर्ट हलकेच काढून घेतले, बोटं न लागू देता.